गोठ्यावरचं गरम पाणी सोलरवर घ्यायचंय? आधी किती अंशाचं आणि किती वाजता ते ठरवा

सोलरचा विषय निघाला की आपल्याकडं पहिला प्रश्न असतोय "किती लिटरचा घेऊ?" आणि दुसरा "केवढ्याला पडतोय?" घरच्या आंघोळीसाठी हे ठीक हाय, पण गोठा आणि दुधाच्या कामासाठी घेणार असाल तर हे दोन्ही प्रश्न नंतरचे. आधी एक कागद घ्या आणि दिवसभरात गरम पाणी कुठंकुठं लागतंय ते लिहून काढा, किती लिटर लागतंय, किती अंशाचं लागतंय आणि किती वाजता लागतंय. शेवटचे दोन रकाने बहुतेक जण भरतच नाहीत आणि मग मोठा सोलर बसवून पण पहाटेच्या धारेला नळातनं कोमट पाणी येतंय, आणि दोष सोलरला जातोय.

सूर्य आपल्याला काय देतो ते आधी बघू. सांगली, सातारा दोन्ही जिल्हे साधारण १७ अंश अक्षांशावर, म्हणजे ऊन्हाच्या बाबतीत आपण नशीबवान. त्यातही आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, माण, खटाव हा पर्जन्यछायेचा पट्टा, पावसाची ओरड असली तरी सोलरला तिकडंच सगळ्यात भारी चालतंय. ऑक्टोबर ते मे बिनघोर धरा. शिराळा, पाटण, जावळी, महाबळेश्वर या बाजूला जून ते सप्टेंबर ढग हटतच नाहीत, तिथं चार महिने दुसऱ्या सोयीवरच काम चालणार हे धरूनच हिशोब करा. चांगलं ऊन असलं की नळ्यांचा साधा सोलर संध्याकाळपर्यंत ६० ते ६५ अंशाचं पाणी देतो, एप्रिलमध्ये पाणी वापरलं नाही तर ७५-८० च्या पण वर जातो. वाफ देत नाही. वाफेची अपेक्षा असेल तर तुम्हाला साधा सोलर नकोय, वेगळी यंत्रणा पाहिजे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आता कामं बघा. कास धुवायला ४० अंशाच्या आसपासचं कोमट पाणी. मिल्किंग मशीनच्या पाईप, क्लस्टर (सडांना लावायच्या कपांचा संच), दुधाची भांडी यांचं पहिलं विसळणं पण कोमटच पाण्यानं, ३८ ते ४३ अंश. इथं बरेच जण घाई करतात, धार संपली की लगेच कढत पाणी सोडतात, त्यांना वाटतंय जितकं गरम तितकं स्वच्छ. होतंय उलटं, दुधातली प्रथिनं कढत पाण्यानं रबराला आणि स्टीलला चिकटून बसतात, आणि गार पाणी घेतलं तर फॅट गोठून थर धरतंय, म्हणून मधलं कोमट पाणी. त्यानंतर अल्कली पावडरीचं धुणं, ते मात्र ७०-७५ अंशापासून सुरू करायचं आणि धुणं संपेपर्यंत पाणी ४५ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, नाहीतर सुटलेला मळ परत बसतोय. अधनंमधनं ॲसिडचं धुणं, कारण दुधातलं कॅल्शियम आणि बोअरच्या पाण्यातला क्षार मिळून जो पिवळसर दगडी थर होतो तो अल्कलीनं निघत नाही. (अल्कली कायम पाण्यात टाका, पावडरीवर पाणी ओतू नका, हातात मोजे घाला, ॲसिड आणि क्लोरीन एकत्र कधीच करू नका, आणि ॲल्युमिनियमच्या कॅनला कॉस्टिक (कडक अल्कली) लावू नका, कॅन खाऊन टाकतंय.)

ही सगळी कामं ४० ते ७५ अंशाची, म्हणजे नेमकी सोलरच्या टप्प्यातली. माझं ठाम मत हाय की गोठ्यावर सोलर घ्यायचा तो पहिल्यांदा धुण्यासाठी, दूध तापवायचं नंतर बघायचं. मशीनचं आणि कॅनचं धुणं रोज दोन वेळ न चुकता गरम पाण्यानं व्हायला लागलं की दुधातले जंतू कमी होतात, संकलन केंद्रावर दूध फुटायचं, आंबट म्हणून परत यायचं प्रमाण खाली येतंय. गरम पाणी तापवायला जळण, गॅस, वेळ लागतोय म्हणूनच तर धुणं टाळलं जातंय. फुकटचं पाणी नळाला आलं की कामगार पण टाळत नाही.

हिशोबाचं एक उदाहरण घेऊ. १५ गाई, दोन वेळ मशीननं धार, त्यातलं १०० लिटर दूध पाश्चराइज करून (म्हणजे ठरलेल्या अंशाला ठरलेला वेळ तापवून, जंतू मारून) पिशवीत किंवा बाटलीत विकायचं. कासेला गाईमागं एका वेळी १ लिटर धरलं तर दिवसाला ३० लिटर कोमट, त्यासाठी ६० अंशाचं पाणी लागतंय निम्मंच म्हणजे १५ लिटर, बाकी गार मिसळायचं. मशीनचं कोमट विसळणं एका वेळी ३० लिटर, त्याला गरम १४-१५ लिटर, आणि अल्कलीचं ३० लिटर पूर्ण गरम, दोन वेळचं मिळून ९० च्या घरात. कॅन, किटल्या, कुलर ४० लिटर. पाश्चरायझरची टाकी आणि बाकी भांडी ६० लिटर. झालं सगळं मिळून २०० लिटरच्या थोडं वर, ६० अंशाचं. लिटरला एक अंश वाढवायला १ किलोकॅलरी लागतीय, म्हणजे २२ अंशाचं २०० लिटर पाणी ६० ला न्यायला ७६०० किलोकॅलरी, विजेत सांगायचं तर जवळपास ९ युनिट, कारण १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. वर १०० लिटर दूध ३० पासून ५० अंशापर्यंत सोलरवर चढवायचं म्हटलं तर अजून १९०० किलोकॅलरी. कागदावर २५०-३०० लिटरचा सोलर पुरतोय. पण रात्रभरात चांगल्या टाकीतलं पाणी पण ५ ते ८ अंश उतरतंय, पाईपमध्ये थोडं जातंय, हिवाळ्यात टाकीत येणारं पाणीच १८ अंशाचं असतंय, म्हणून अशा गोठ्याला मी ५०० लिटर सांगीन.

आणि हे ५०० लिटर एकाच टाकीत नको, २५० चे दोन घ्या. सगळ्यात जास्त फसगत होतीय ती वेळेमुळं. सूर्य काम करतो सकाळी ९ ते दुपारी ४, आणि आपलं काम पहाटे ५ ला आणि संध्याकाळी ५ ला. संध्याकाळच्या धारेला टाकी रसरशीत गरम असतीय, लोक मन मानेल तसं पाणी वापरतात, आणि जेवढं गरम काढाल तेवढं गार पाणी खालनं आत येतंय. रात्रभर ते गार-गरम एक होऊन पहाटे मिळतंय ४० अंशाचं. दोन टाक्या वेगळ्या असल्या, एकीचा कॉक फक्त संध्याकाळी आणि दुसरीचा फक्त पहाटे उघडायचा, की पहाटेच्या टाकीला काल दिवसभराचं पूर्ण ऊन मिळालेलं असतंय आणि तिच्यात रात्री गार पाणी शिरत नाही. खर्च थोडा वाढतोय पण एक बिघडली तर दुसरीवर काम भागतंय हा दुसरा फायदा.

बॅकअप लागणारच, त्यात लाजायचं काही नाही. फक्त तो कुठं बसवायचा ते नीट ऐका. विक्रेते सोलरच्या टाकीतच हीटर घालून देतात. पहाटे गरम पाहिजे म्हणून रात्री तो लावला की २५० लिटर पाणी विजेनं तापतंय, सकाळी टाकी आधीच गरम, मग दिवसभर सूर्याला तापवायला काही उरतच नाही. म्हणजे सोलर असून बिल तेवढंच. त्यापेक्षा मिल्क रूममध्ये सोलरच्या नळाच्या पुढं ३५-५० लिटरचा छोटा गिझर जोडा, थर्मोस्टॅटवाला, आणि तो गिझर सोलरचं गरम पाणी आत घ्यायला चालतोय का हे कंपनीला विचारूनच घ्या. सोलरनं ६० ला आणलेलं ३० लिटर पाणी ७५ ला न्यायला साधारण अर्धा युनिट पुरं होतंय. मोठी चढण सूर्यानं चढायची, शेवटची पायरी विजेनं. ज्यांच्याकडं गोबरगॅस हाय त्यांनी गिझरऐवजी तोच वापरावा, २५ किलो शेणापासून साधारण १ घनमीटर गॅस मिळतोय, गोठ्यावर शेणाला काय तोटा. पावसाळ्यात हेच मुख्य आणि सोलर जोडीला, असं उलटं होतंय, चालतंय.

कुठला सोलर? दोन प्रकार, काचेच्या नळ्यांचा आणि तांब्याच्या पत्र्याचा सपाट. नळ्यांचा स्वस्त, ढगाळ दिवशी आणि थंडीत पण बरा तापतो, १०० लिटरला ५८ मिलिमीटर जाडीच्या, १८०० मिलिमीटर लांबीच्या १० नळ्या असा अंदाज असतोय. नळ्या मोजून घ्या, टाकी मोठी आणि नळ्या कमी असा माल बाजारात फिरतोय, टाकीचा आकडा मोठा दिसतोय आणि पाणी कोमट. सपाट पॅनल महाग पण टिकतो, १०० लिटरला साधारण २ चौरस मीटर लागतो, त्यावर आयएस १२९३३ या भारतीय मानकाचा शिक्का बघा. निवड खरं तर तुमच्या पाण्यावर ठरतीय. जत, कवठेमहांकाळ, तासगावच्या पूर्व भागातल्या बोअरचं जड पाणी, वाळवा-पलूसच्या क्षारपड पट्ट्यातलं पाणी तांब्याच्या बारीक पाईपमध्ये क्षार धरून त्या चोक करतंय. काचेच्या नळीचं तोंड मोठं म्हणून ती लगेच चोक होत नाही, पण तळाला पांढरा गाळ साठतोय आणि तापणं कमी होतंय. जड पाणी असेल तर एकतर सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) लावा, नाहीतर हीट एक्स्चेंजरवाला सोलर घ्या, त्यात पॅनलमधलं पाणी तेच तेच फिरतंय आणि वापरायचं पाणी बाजूनं तापून जातंय. टाकी स्टेनलेसची घेत असाल तर क्षाराच्या पाण्याला ३०४ पेक्षा ३१६ चं स्टील बरं, आणि पफचं (फोमचं) इन्सुलेशन ५० मिलिमीटरच्या खाली नको. पाण्याची तपासणी आधी करून घ्या, ऑर्डर मग द्या, हा क्रम उलटा करू नका.

बसवताना तोंड दक्षिणेला, कल साधारण ३० अंश. आपला अक्षांश १७, त्यात १०-१५ मिळवले की हिवाळ्यातलं तिरपं ऊन नीट अंगावर येतंय, उन्हाळ्यात तसंही कमी पडत नाही. ९ ते ४ मध्ये नारळाची, शेडची सावली पडता कामा नये. गोठ्याच्या पत्र्यावर अजिबात बसवू नका, २५० लिटरचा संच भरला की स्टँडसकट ३०० किलोच्या पुढं जातोय, पत्रा आणि वारं दोन्ही ऐकणार नाहीत. मिल्क रूमवर स्लॅब असेल तर उत्तम, नसेल तर शेजारी काँक्रीटच्या पायावर लोखंडी स्टँड. मिल्क रूमच्या जवळच पाहिजे. १ इंची पाईप २० मीटर लांब असेल तर तिच्यात १० लिटर पाणी असतंय, म्हणजे रोज दोन वेळ आधी १० लिटर गार पाणी सोडायचं आणि शेवटी १० लिटर गरम पाणी पाईपमध्येच वाया. पाईप जवळ, बारीक आणि इन्सुलेशन गुंडाळलेली ठेवा.

गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा वर पाहिजे, तिचा तळ सोलर टाकीच्या माथ्यापेक्षा फूटभर तरी उंच, आणि तिथनं सोलरला स्वतंत्र लाईन द्या, मधी दुसरा नळ काढू नका. हवेची पाईप गार टाकीच्या पाण्याच्या पातळीच्या वर न्यायची आणि तिच्यावर कधीही कॉक किंवा बूच लावायचं नाही, ती बंद झाली तर टाकी आत चेमटू शकतीय. गरम पाण्याला साधी पीव्हीसी चालत नाही. सीपीव्हीसी ९०-९३ अंशापर्यंत टिकतीय, पण एप्रिल-मे मध्ये दोन दिवस पाणी वापरलं नाही तर नळ्यांचा सोलर त्याच्याही वर जातोय, म्हणून टाकीपासनं पहिली दीड-दोन मीटर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) किंवा स्टीलची पाईप घ्या आणि पुढं सीपीव्हीसी. पहिल्यांदा पाणी भरायचं ते सूर्य उगवायच्या आधी. दुपारी उन्हात कोरड्या तापलेल्या नळीत गार पाणी सोडलं की काच तडकलीच म्हणून समजा, प्लंबर दुपारीच आला तर नळ्या पोत्यानं झाकून ठेवा आणि भरणं संध्याकाळवर टाका.

आता दूध तापवायचं. बॅच पाश्चरायझेशन म्हणजे ६३ अंशावर ३० मिनिटं, यात एका अंशाची पण सूट नाही. ६३ ला दूध न्यायचं तर भोवतीचं पाणी किमान ७०-७५ पाहिजे, ६५ च्या पाण्यानं दूध ६३ ला पोचायला दिवस मावळेल. म्हणून दोन टप्पे करा. दुहेरी भिंतीच्या टाकीत भोवती सोलरचं पाणी छोट्या पंपानं फिरवायचं आणि ते परत सोलर टाकीत सोडायचं, यानं दूध ५० अंशापर्यंत आरामात चढतंय. मग सोलरचा कॉक बंद करून गॅसवरचं किंवा हीटरचं पाणी घ्यायचं, ६३ गाठायचं आणि अर्धा तास धरायचं. निम्म्याहून जास्त चढण सूर्यावर झाली. फिरवायला हॉट वॉटरचाच पंप घ्या, साध्या पंपाचं सील टिकत नाही. दुधात थर्मामीटर, भोवतीच्या पाण्यात दुसरा थर्मामीटर, आणि ६३ ला पोचल्याची वेळ रोज वहीत लिहायची. ढगाळ दिवशी सोलरनं कमी दिलं तर गॅस जास्त जळू द्या, पण अंश आणि मिनिटं कमी करू नका, हे दूध कुणाच्यातरी लेकराच्या पोटात जाणार हाय. पाश्चरायझेशन झाल्यावर दूध लगेच ४-५ अंशाला गार करायचं, त्याशिवाय तापवल्याचा उपयोग नाही.

खवा, बासुंदीवाल्यांनी मात्र साध्या सोलरच्या नादाला लागू नका. खव्यात काम पाणी तापवायचं नसतंय, आटवायचं असतंय, आणि १ किलो पाण्याची वाफ करायला ५४० किलोकॅलरी लागतात. दूध आधी ६० पर्यंत तापवून घेतलं तरी जळणातला छोटा वाटाच वाचतोय. बॉयलर असेल तर त्याला जाणारं पाणी सोलरनं गरम करून द्या, तेवढा फायदा पक्का. वाफेच्या जवळचं काम सूर्यावर करायचं तर उन्हाकडं वळणारी मोठी आरशांची डिश लागतीय, लातूरच्या महानंद डेअरीत दूध पाश्चराइज करायला 'अरुण' नावाची अशी डिश बसवली होती, ती सुमारे १६० चौरस मीटरची. ते काम संघाच्या, मोठ्या डेअरीच्या पातळीचं.

एक गोष्ट अजून, बल्क कुलर (दूध गार करून ठेवायची मोठी टाकी) असलेल्यांसाठी. कुलर दुधातली उष्णता काढून मागच्या पंख्यातनं बाहेर फेकतोय. १०० लिटर दूध ३५ वरनं ४ अंशाला आणताना जवळपास ३००० किलोकॅलरी बाहेर जातात, प्लस कॉम्प्रेसरची वेगळी. कॉम्प्रेसर आणि कंडेन्सरच्या मधी हीट रिकव्हरी टाकी बसवली तर यातला काही भाग पाण्यात पकडता येतोय, ४५-५५ अंशाचं पाणी मिळतंय, तेही पावसाळ्यात, रात्री, ढगात. शिराळा-पाटणकडच्या लोकांनी तर आधी हे बघावं, मग सोलर. रेफ्रिजरेशनचं काम जाणणाऱ्या माणसाकडनंच करून घ्या.

"विजेचे पॅनल लावून त्यावर हीटर चालवला तर?" असं पण विचारतात. चालतंय, पण विजेचा पॅनल उन्हातला पाचवा भाग पकडतो आणि पाणी तापवायचा सोलर निम्म्याच्या आसपास, त्यामुळं फक्त गरम पाणी पाहिजे असेल तर पॅनलला जागा दुपटीच्या वर लागतीय. पॅनल आधीच बसलेले असतील आणि दुपारची वीज शिल्लक राहत असेल तर गोष्ट वेगळी. अनुदानाबद्दल पण गैरसमज हाय, २०२४ ची पीएम सूर्यघर योजना घरगुती विजेच्या पॅनलसाठी हाय, पाणी तापवायच्या सोलरसाठी नाही, कोणी त्या नावानं पैसे मागितले तर देऊ नका. दूध प्रक्रियेचा छोटा उद्योग उभा करत असाल तर पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखापर्यंत अनुदान ठेवलेलं होतं, ती अजून चालू हाय का आणि प्रकल्प अहवालात गरम पाण्याची यंत्रणा पण बसवता येतीय का ते तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या.

परवडतंय का हे स्वतःच्या दरानं काढा. ५०० लिटर पाणी रोज २२ वरनं ६० ला न्यायचं आणि ते खरंच रोज वापरलं जात असेल तर १९,००० किलोकॅलरी, म्हणजे विजेचे २२ युनिट किंवा शेगडीवर जवळपास ३ किलो गॅस. महिन्याला १९ किलोचे चार-साडेचार सिलेंडर. तुमच्याकडचा सिलेंडरचा भाव लावा आणि उन्हाचे आठच महिने धरा, किती वर्षात पैसे निघतात ते दिसंल. जळण शेतातलंच असेल तर पैशात बचत कमी दिसतीय, पण बंब पेटवायला पहाटे उठणारी घरातली बाईच असते, तिचा तास-दीड तास हिशोबात धरा.

देखभाल थोडी हाय पण चुकवायची नाही. कारखान्यांचा गाळप हंगाम आणि उसाचं पाचट जाळायचे दिवस आले की नळ्यांवर काळी राख बसतीय, तेव्हा आठवड्याला एकदा, उन्हाच्या आधी, साध्या पाण्यानं पुसून घ्या. नळीच्या खालच्या टोकाला आरशासारखा चंदेरी पट्टा असतोय, तो पांढरा पडला की त्या नळीतली निर्वात पोकळी गेली, ती बदला. वर्षातनं दोनदा टाकीचा ड्रेन उघडून गाळ काढा, जड पाणी असेल तर जास्त वेळा. टाकी गंजू नये म्हणून आत घातलेला मॅग्नेशियमचा रॉड असेल तर तो खाल्ला गेलाय का बघा. आणि एप्रिल-मे मध्ये वळवाबरोबर गारा पडतात हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको, साध्या नळ्यांच्या सोलरमध्ये एक नळी फुटली की अख्खी टाकी रिकामी होतीय, म्हणून दोन-चार जादा नळ्या आणि त्यांच्या रबरी रिंगा खरेदीच्या वेळीच घेऊन ठेवा, त्याच जाडी-लांबीच्या, आणि गार पाण्याच्या लाईनवर खाली हाताला येईल असा एक कॉक बसवून घ्या म्हणजे नळी फुटली तर वर चढायच्या आधी पाणी बंद करता येतंय.